रणभूमि आणि रुपेरी पडदा

युद्धावर निघालेल्या चित्रपटांची गणती आज हजारांच्या घरांत गेली आहे. तोफांचा गडगडाट, उडणारी माती, उधळलेले घोडे आणि शेवटीं डौलानें फडकणारें निशाण ही सामग्री त्यांपैकीं बहुतेकांत सारखीच असते. आणि म्हणूनच बहुतेक चित्रपट चित्रगृहाच्या पायऱ्या उतरतां उतरतांच प्रेक्षकांच्या मनांतून पुसले जातात. परंतु थोडे असे आहेत कीं, ज्यांतील एखादी क्षुल्लक वस्तु, बुटांचा एखादा जोड किंवा कुंडींतलें एखादें फूल, पन्नास वर्षांनींही डोळ्यांपुढें जशीच्या तशी उभी राहते. हा फरक कशानें पडतो हें पाहावयाचें तर पहिल्या महायुद्धापर्यंत मागें जावें लागतें; कारण चलच्चित्राचा कॅमेरा खऱ्या अर्थानें रणांगणावर पोहोंचला तो त्या युद्धांत.

१ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या परिसरांत ब्रिटिश फौजांनीं मोठा हल्ला चढविला. त्या एका दिवसांत ब्रिटिशांचे ५७,४७० लोक हताहत झाले. त्यांपैकीं १९,२४० ठार झाले. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल हे दोन छायालेखक त्या वेळीं आघाडीवर होते. त्यांनीं टिपलेल्या दृश्यांचा ‘बॅटल ऑफ दि सोम’ हा चित्रपट ऑगस्टमध्येंच लंडनांत झळकला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याचीं सुमारें दोन कोटि तिकिटें खपलीं. तिकडे लढाई अद्याप संपलेली नव्हती! ज्यांचे मुलगे आणि भाऊ त्याच आघाडीवर होते, तीं माणसें अंधाऱ्या चित्रगृहांत बसून ओळखीचा चेहरा शोधीत होतीं. या चित्रपटांत शिपाई खंदकाबाहेर पडतात आणि त्यांतील एक जण गोळी लागून मागें घसरतो, असें एक दृश्य आहे. पाहणाऱ्यांच्या छातींत धस्स झालें तें याच दृश्यानें. आणि तें मात्र आघाडीच्या मागें, कॅमेऱ्यासाठीं मुद्दाम घडवून आणलेलें होतें, असें अभ्यासकांनीं पुढें दाखवून दिलें आहे. तथापि, आज तो चित्रपट पाहतांना मन अडकतें तें तेथें नव्हे. हल्ल्याला निघालेले तरुण शिपाई कॅमेऱ्याजवळून जातांना त्याच्याकडे वळून पाहतात, कोणी हंसतो, कोणी टोपी हालवितो; आणि त्यांतील किती जण परत आले असतील हा प्रश्न पाहणाऱ्याला सोडीत नाहीं. तेथें अभिनय नाहीं आणि योजनाहि नाहीं.

मग अभिनय आणि योजना करून तोच परिणाम साधतां येतो काय? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास आणखी चौदा वर्षें जावीं लागलीं.

१९२९ च्या जानेवारींत एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची कादंबरी पुस्तकरूपानें बाहेर आली. तिचें इंग्रजी नांव ‘ऑल क्वायट ऑन दि वेस्टर्न फ्रंट’. रेमार्क स्वतः १९१७ सालीं आघाडीवर जखमी झालेला होता. हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीनें कादंबरीचे हक्क घेतले. या कंपनीचा संस्थापक कार्ल लेम्ले हा मूळचा जर्मनींतील लाउपहाइम गांवचा. आणि चित्रपटाची धुरा ज्यानें वाहिली तो त्याचा मुलगा चित्रीकरणाच्या वेळीं अवघा एकवीस वर्षांचा होता. दिग्दर्शन लुइस माइलस्टोन याच्याकडे आलें. माइलस्टोनचा जन्म त्या वेळच्या रशियन साम्राज्यांतील किशिनेव्ह शहरीं झालेला. महायुद्धांत अमेरिकन लष्कराच्या छायाचित्र विभागांत त्यानें काम केलें होतें. शत्रूच्या बाजूनें लढलेल्या पोरांची कथा, जेत्यांच्या देशांत, अशा माणसांच्या हातून आणि बारा लाख डॉलर खर्चून तयार व्हावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

बोलपट त्या वेळीं नुकताच बोलूं लागला होता, आणि बोलूं लागतांच तो चालावयाचें विसरला होता. कॅमेऱ्याचा खडखडाट ध्वनीबरोबर मुद्रित होऊं नये म्हणून तो एका बंद खोक्यांत कोंडला जाई आणि नट मायक्रोफोनच्या आसपास खिळून राहत. माइलस्टोननें यावर साधा उपाय काढला. लढाईचीं दृश्यें त्यानें मूकपटाच्या पद्धतीनेंच टिपलीं आणि स्फोटांचे व गोळ्यांचे आवाज मागाहून जोडले. कॅलिफोर्नियांतील एका विस्तीर्ण कुरणावर खंदक खोदले गेले. लॉस एंजेलिसमध्यें स्थायिक झालेले जुने जर्मन शिपाई हुडकून काढून त्यांना कवाईत शिकविण्यास आणि काम करण्यास बोलाविलें गेलें. कॅमेरा मोकळा झाला आणि धांवत येणाऱ्या फौजेच्या कडेकडेनें सरकूं लागला. मशीनगन एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे फिरते आणि त्याच गतीनें माणसांची रांग आडवी होत जाते. एक तोफगोळा फुटतो. धूर निवळल्यावर कांटेरी तारेला घट्ट धरून राहिलेले दोन हात तेवढे दिसतात. त्या हातांना शरीर नसतें. हें दृश्य एक-दोन क्षणांचेंच आहे, माइलस्टोन तेथें रेंगाळत नाहीं, आणि त्याच्या संयमांतच त्याचें सामर्थ्य आहे.

परंतु या चित्रपटाची थोरवी लढाईच्या दृश्यांवर उभी आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं. केमरिख नांवाच्या पोराजवळ उंची चामड्याचा बुटांचा जोड असतो. त्याचा पाय कापला जातो; तो इस्पितळांत मरूं लागतो आणि मित्राची नजर त्या बुटांवर जाते. यांत दुष्टपणा नाहीं. बूट चांगले आहेत आणि हिंवाळा यावयाचा आहे, एवढेंच. पुढें ते बूट एकाच्या पायांतून दुसऱ्याच्या पायांत जातात आणि प्रत्येक नवा मालक पडत जातो. एका शब्दावांचून सांगितलेली ही मृत्यूची वंशावळ! दुसरें दृश्य जेवणाचें. आचाऱ्यानें सगळ्या तुकडीचा स्वयंपाक केलेला असतो, आणि परतलेले असतात निम्मे. आपल्याला दुप्पट वाटा मिळणार म्हणून पोरें आनंदतात. पाहणाऱ्याच्या घशाशीं घांस अडकतो तो तेथें.

तोफगोळ्याच्या खड्ड्यांतील प्रसंग तर विसरूं म्हटल्या विसरतां येत नाहीं. कथेचा नायक पाउल बॉयमर भीतीच्या भरांत एका फ्रेंच शिपायाला भोसकतो आणि रात्रभर त्याच्याच शेजारीं अडकून पडतो. तो त्याला पाणी पाजतो, क्षमा मागतो, त्याच्या खिशांतले कागद काढून त्याचें नांव वाचतो. त्या फ्रेंच शिपायाचें काम रेमंड ग्रिफिथ या नटानें केलें. मूकपटांच्या काळांत हा विनोदी नट म्हणून गाजलेला. पण लहानपणींच त्याचा आवाज बिघडलेला असल्यामुळें बोलपट आले आणि त्याचा धंदा बसला. ज्याला शब्द उच्चारावयाचा नाहीं अशी ती एकच भूमिका त्याच्या वांट्याला आली, आणि आज त्याचे सारे विनोद विसरले गेले असतां ते उघडे डोळे मात्र लोकांच्या स्मरणांत आहेत.

शेवट कसा करावा याविषयीं बराच खल झाला. कादंबरींत पाउल १९१८ च्या ऑक्टोबरांत, आघाडी शांत असतां मारला जातो. पडद्यावर ही शांतता दाखवावयाची कशी? अखेर ठरलें तें असें: खंदकाबाहेर एक फुलपांखरूं बसलेलें आहे; पाउल हात पुढें करतो; दूरचा फ्रेंच नेमबाज बंदुक रोखतो; गोळी सुटते आणि हात निश्चल होतो. चेहरा नाहीं, आक्रोश नाहीं. हा प्रसंग टिपला त्या वेळीं नायकाचें काम करणारा ल्यू एअर्स जवळ नव्हता, म्हणून पडद्यावर दिसतो तो हात खुद्द माइलस्टोनचा आहे.

चित्रपट १९३० च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंत प्रकाशित झाला आणि त्या वर्षीं उत्कृष्ट चित्रपट व उत्कृष्ट दिग्दर्शन या दोन्ही गोष्टींसाठीं त्याला अकॅडेमीचीं पारितोषिकें मिळालीं. त्याची खरी कसोटी मात्र लागावयाची होती ती बर्लिनमध्यें.

सप्टेंबर १९३० च्या निवडणुकींत नाझी पक्षाचे १०७ सभासद जर्मन पार्लमेंटांत निवडून आले होते. तीनच महिन्यांनीं, ४ डिसेंबर रोजीं, नोलेनडोर्फ चौकांतील मोझार्टझाल चित्रगृहांत हा चित्रपट लागला. सेन्सॉरनें तो आधींच कापूनछाटून संमत केलेला होता. दुसऱ्या दिवशींच्या खेळाला योझेफ गोबेल्स आपल्या अनुयायांसह हजर राहिला. खेळ सुरू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोंच आरडाओरड झाली, दुर्गंधीच्या कुप्या फुटल्या आणि खुर्च्यांखालीं पांढरे उंदीर सोडण्यांत आले! खेळ बंद पडला. पुढील कांहीं दिवस चौकांत निदर्शनें होत राहिलीं आणि ११ डिसेंबर रोजीं सेन्सॉरच्या वरिष्ठ मंडळानें, जर्मनीच्या लौकिकाला बाध येतो या सबबीवर, चित्रपटावर बंदी घातली. हें मंडळ नाझींचें नव्हतें, लोकशाही सरकारचें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पांढऱ्या उंदरांनीं प्रजासत्ताकाला माघार घ्यावयास लाविलें. पुढच्या वर्षीं आणखी कापलेली प्रत दाखविण्यास परवानगी मिळाली खरी, पण १९३३ सालीं नाझी अधिकारावर आले आणि चित्रपट जर्मनींतून नाहींसा झाला. त्याच वर्षीं १० मे रोजीं रेमार्कचीं पुस्तकें जाळलीं गेलीं. १९३८ सालीं त्याचें नागरिकत्व गेलें. तो स्वतः देशाबाहेर सुखरूप होता. परंतु त्याची बहीण एल्फ्रीडे जर्मनींतच राहिलेली. युद्ध हरल्यासारखेंच आहे असें बोलल्याबद्दल तिच्यावर खटला झाला आणि १९४३ च्या डिसेंबरांत तिचा शिरच्छेद करण्यांत आला.

१९३७ सालीं फ्रान्समध्यें झां रनवार यानें ‘ला ग्रांद इल्युझ्यों’ हा चित्रपट काढला. रनवार पहिल्या महायुद्धांत वैमानिक होता, आणि त्यानें लढाईचें एकहि दृश्य न दाखवितां युद्धपट केला. बहुतेक कथा जर्मन कैदखान्यांत घडते. प्रत्येक पात्र आपापली भाषा बोलतें. त्यामुळें एक प्रसंग मोठा बोलका झाला आहे: फ्रेंच कैद्यांनीं महत्प्रयासानें भुयार खणलें, तें पुरें होतें न होतें तोंच त्यांची बदली झाली, नायक नव्यानें येणाऱ्या इंग्रज कैद्याला भुयाराची गोष्ट सांगूं पाहतो, पण त्याला इंग्रजी येत नाहीं आणि इंग्रजाला फ्रेंच येत नाहीं. १९४० सालीं जर्मन फौजा पॅरिसमध्यें शिरल्यावर या चित्रपटाची मूळ प्रत जप्त होऊन बर्लिनला गेली. तेथून ती रशियनांनीं मॉस्कोला नेली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत ती फ्रान्समधील तुलूझ येथें परतली आणि तेथील संग्रहांत पडून राहिली. लोक तिला नष्ट झालेली समजत होते. ती ओळखली गेली १९९० नंतर. कैदेंतून सुटलेल्या नायकाच्या कथेला शोभेल असाच हा प्रवास!

तोफांवांचून युद्धपट होऊं शकतो याचें महाराष्ट्रांतलें उदाहरण म्हणजे शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले आणि तेथेंच जखमींची शुश्रूषा करीत १९४२ च्या डिसेंबरांत वारले. त्यांची भूमिका शांताराम यांनीं स्वतःच केली.

त्याच १९४२ सालीं अमेरिकेंत ल्यू एअर्सला लष्करांतून बोलावणें आलें. पाउल बॉयमरचें काम करणाऱ्या या नटानें शस्त्र हातीं धरण्यास नकार दिला. गहजब उडाला, कित्येक चित्रगृहांनीं त्याचे चित्रपट लावण्याचें बंद केलें आणि त्याची रवानगी युद्धविरोधकांच्या छावणींत झाली. मला रुग्णसेवेच्या पथकांत घ्या, हें त्याचें मागणें पुढें मान्य झालें. न्यू गिनी आणि फिलिपाइन्स येथें, भर गोळीबाराच्या टापूंत, तो जखमी शिपायांचे आणि बेघर झालेल्या नागरिकांचे घाव बांधीत राहिला.