बंदूक ठेवायची कुठे? : आज्ञापत्रातल्या दारूखान्यापासून घरातल्या तिजोरीपर्यंत

आमच्या उचगावच्या बाजूला, म्हणजे हिंडलगा-सुळग्यापासून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीच्या हद्दीपर्यंत, जुनी घरं पाडून स्लॅबची घरं होत आहेत. सोपा गेला, माजघर गेलं, भिंतीतलं फडताळही गेलं. मग ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक आहे, ते विचारतात, आता ही ठेवायची कुठे? बाजारात पोलादी तिजोऱ्या मिळतात, पण कसली घ्यावी?

मी पेशाने यांत्रिक अभियंता. पत्रा, बोल्ट आणि गंज यांच्याशीच माझा जन्मभर संबंध आला. जुन्या कागदांचा नाद नंतरचा. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही अंगांनी बघावासा वाटला. आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षं शस्त्र ‘ठेवणं’ म्हणजे ‘लपवणं’ असं समीकरण होऊन बसलंय. त्याआधी ते तसं नव्हतं.

आज्ञापत्र काय सांगतं

रामचंद्रपंत अमात्य बावडेकरांचं आज्ञापत्र साधारण १७१५ चं, करवीरकर संभाजी महाराजांच्या काळातलं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातच दारूखान्याविषयी, म्हणजे बंदुकीची दारू साठवण्याविषयी, सूचना आहेत. मी त्या आजच्या भाषेत सांगतो. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, सदरेपासून अंतरावर असावा. भोवती दाट झाडांचं कुंपण असावं. खाली तळघर, त्याला पक्का गच्च, त्यावर लाकडी माच आणि माचावर दारूची मडकी. ओल लागू द्यायची नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सगळं बाहेर काढायचं, ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचं. रात्रंदिवस पहारा ठेवायचा. परवानगीशिवाय आसपास कुणी फिरकता कामा नये.

यात लपवाछपवी कुठेच नाही. दारूखाना कुठं आहे ते गडावरच्या पोराटोरालाही माहीत असणार. सुरक्षितता आहे ती अंतरात, बांधकामात, ओलीच्या बंदोबस्तात, ठरलेल्या तपासणीत आणि एका जबाबदार माणसाच्या मोहोरेत.

मग लपवणं कुठून आलं?

१८५७ च्या उठावात सरकारने शस्त्रबंदीचा कायदा केला आणि दक्षिण महाराष्ट्रात तो कडकपणे राबवायला घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला. फौज आली, गाव जाळलं गेलं, माणसं फाशी गेली. हलगलीच्या बेडरांची कन्नड लावणी त्या भागात प्रसिद्ध आहे. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात भारतीय शस्त्र कायदा झाला. एतद्देशीयाला परवाना लागायचा, युरोपियनाला नियमांतून सूट मिळायची.

याचा घरगुती परिणाम काय झाला असेल, हे समजायला फार विद्वत्ता नको. ज्या घरात हत्यार सोप्यातल्या खुंटीवर सगळ्यांच्या नजरेसमोर असायचं, तिथं आता सरकारची नजर चुकवणं महत्त्वाचं झालं. माळा, बळद, गवताची गंजी. परवाना असणाऱ्यांनाही तीच सवय लागली. आजसुद्धा ‘सुरक्षित जागा’ म्हटली की लोक कपाटाच्या वर, गादीखाली किंवा साड्यांच्या मागे दाखवतात. पण लपवलेली जागा कुणाला माहीत नाही तोवरच कामाची. आणि घरातल्या लहान मुलांना माहीत नसते अशी जागा मी तरी अजून बघितलेली नाही.

कर्नाटकातच कोडगूमध्ये याच्या उलट चित्र दिसतं. तिथल्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही सूट २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवण्यात आली. कैलपोळ्द सणाला त्यांच्या बंदुका फुलं लावून उघडपणे पुजल्या जातात. आपल्या खंडेनवमीसारखंच की हे!

आजचा कायदा

१९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचं कलम १३ महत्त्वाचं आहे, कारण पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा त्यात वेगळा उल्लेख आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हाताळणीचं आणि सुरक्षित साठवणीचं प्रशिक्षण आणलं. बंदूक ठेवायला सुरक्षित जागा आहे का, हा प्रश्न अर्जातच असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटासाठी बीएस ७५५८ हे स्वतंत्र मानक आहे. कपाट कसलं घ्यावं याचं निदान एक माप तिथल्या माणसाच्या हाती असतं. आपल्याकडे दुकानदार म्हणेल ते प्रमाण, म्हणून पुढचं थोडं तपशिलाने लिहितो.

तिजोरी बघताना

पहिली गोष्ट लांबी. दुनळी बारा बोरची बंदूक सुमारे चार फूट भरते, ठासणीची त्याहून लांब असू शकते. दागिन्यांच्या तिजोरीत ती मावत नाही, म्हणून लोक कपड्यांच्या लोखंडी कपाटाकडे वळतात. त्या कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. पहारीपुढे तो काही मिनिटंसुद्धा टिकायचा नाही. माझ्या मते अंगाला निदान ३ मिलिमीटर आणि दाराला ५-६ मिलिमीटर पोलाद असावं. बिजागऱ्या तोडल्या तरी दार निघू नये, यासाठी बिजागरीच्या बाजूलाही पक्के खिट्टे हवेत.

कुठलीच तिजोरी अभेद्य नसते. ती वेळ विकत देते, एवढंच. अमेरिकेतल्या यूएल संस्थेची घरगुती तिजोरीची प्राथमिक चाचणी साध्या हत्यारांनी पाच मिनिटांची असते. म्हणून ती जमिनीला जखडणं जाडीइतकंच महत्त्वाचं. आडवी पाडलेली तिजोरी फोडायला सोपी आणि हलकी असेल तर उचलूनच नेता येते. आपल्याकडच्या जुन्या मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीत फुगणारा बोल्ट नीट पकडत नाही. काँक्रीटच्या जमिनीत चार बोल्ट घ्या. लाकडी माळ्यावर तर ती ठेवूच नका.

दुसरी गोष्ट ओल. आमच्याकडचा पावसाळा सांगायला नको. ‘फायरप्रूफ’ तिजोरीच्या दोन पत्र्यांमधल्या भरावात पाणी धरलेलं असतं. आगीत ते उपयोगी पडतं, पण एरवी आतली हवा दमट राहू शकते. सिलिका जेलची पुडकी ठेवा आणि ती वेळच्या वेळी वाळवा. कातडी म्यानात किंवा कापडात बंदूक गुंडाळून वर्षभर ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि नळीवर गंजाचे डाग उठतात. खालचा माच विसरू नका, तो आज्ञापत्रातलाच आहे.

तिसरी गोष्ट, दारूगोळा वेगळा. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या किल्लीने. ठासणीची दारू तर घट्ट पोलादी तिजोरीत मुळीच नको. कोंडलेली दारू पेटली तर तिचा बाँब होतो.

चौथी गोष्ट किल्ली. देवघरातल्या डब्यात किल्ली असेल तर हजारोंची तिजोरी त्या डब्याइतकीच मजबूत. किल्ली परवानाधारकाकडेच हवी. आकड्यांचं कुलूप असेल तर नातवाचा वाढदिवस हा आकडा होऊ शकत नाही. हे मी फक्त चोरासाठी सांगत नाही. रागाच्या, नशेच्या किंवा निराशेच्या क्षणी बंदूक आणि माणूस यांच्यात दोन कुलपं असली, की मध्ये चार मिनिटं जातात. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं. तिजोरीचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं.

न उडणाऱ्या बंदुकांविषयी

तोड्याच्या किंवा चकमकीच्या जुन्या बंदुकांबद्दल वारसाप्रेमी मंडळी विचारतात. कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही उडवता येत नसेल तरच. हे आपण घरी बसून ठरवू नये, परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावं. परवानाधारक वारला, तर वारसाने बंदूक तशीच घरात ठेवून चालत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून आपल्या नावे अर्ज करावा लागतो. जमा करताना तेल लावा, फोटो घ्या, नंबर आणि अंगावरच्या खुणा पावतीवर लिहून घ्या. निवडणुकीत जमा करतानाही तेच. ओळख हरवलेली जुनी बंदूक गोदामात भंगार म्हणून पडते आणि तिच्याबरोबर घराण्याच्या इतिहासाचं एक पानही जातं.

खंडेनवमी हा आपला ठरलेला तपासणीचा दिवस आहे. पूजेआधी बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा बघावं, गज फिरवून नळी पुसावी, तेल द्यावं, परवान्याची मुदत वाचावी आणि संध्याकाळी कुलूप लावून किल्ली स्वतःकडे घ्यावी. हवालदार दर पंधरवड्याला करायचा, आपण निदान वर्षातून एकदा तरी करावं.