‘आरासा अझुल’: लोकप्रिय गायक आणि परत आलेली तबकडी

ब्राझीलमधील गायक-कवी कायतानो वेलोसो (जन्म १९४२) जानेवारी १९७२ मध्ये लंडनच्या निर्वासनातून मायदेशी परतला, तेव्हा त्याच्याकडून शब्दांची अपेक्षा होती. डिसेंबर १९६८ मध्ये लष्करी राजवटीने त्याला अटक केली होती. अशा गायकाने परतल्यावर काही बोलावे, हे श्रोत्यांना स्वाभाविक वाटत होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरासा अझुल’ने ही अपेक्षा जवळजवळ धुडकावून लावली.

या ध्वनिमुद्रिकेचे मूळ एका कादंबरीपाशी जाते. ग्रासिलियानो रामोस यांच्या ‘साओ बेर्नार्दो’वर (१९३४) लिओन हिर्शमान याने केलेल्या चित्रपटासाठी वेलोसोने संगीत दिले, तेही प्रामुख्याने कंठातून: कण्हणे, गुणगुणणे, शब्दापूर्वीचा नाद. साओ पावलोतील ध्वनिमुद्रणात हीच रीत त्याने पुढे नेली. एका आवाजावर दुसरा आवाज चढवला, रस्त्यावरचे ध्वनी मिसळले. मॉन्सुएतोच्या जुन्या सांबाला मात्र लानी गॉर्डिनच्या विद्युत्-गिटारने थेट रॉकच्या आवेशात नेले. एकोणिसाव्या शतकातील दुर्लक्षित कवी सौझांद्रादे याची एक ओळ घेऊन एक गीत रचले. या कवीला आउगुस्तो व आरोल्दो दे कांपोस या मूर्तकवितेच्या प्रणेत्यांनी १९६४ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले होते.

येथवर सारे एखाद्या अभिजन प्रयोगशाळेतील भासते. परंतु याच तबकडीत गायकाच्या जन्मगावची, सांतो आमारोची, एदित ऑलिव्हेइरा बशीवर सुरी घासून ताल धरते आणि पारंपरिक सांबा गाते. मूर्तकविता आणि स्वयंपाकघरातली बशी यांना वेलोसोने एकाच पातळीवर ठेवले. माझ्या मते या कृतीचे खरे धाडस रॉकच्या गोंगाटापेक्षा येथे अधिक आहे. लोकगायिकेचा आवाज तो ‘सुधारत’ नाही, तिला रंगतदार पार्श्वभूमीही करत नाही.

तबकडी ‘जाणकारांसाठी’ असल्याचे वेष्टनावरच नमूद होते. त्या पोर्तुगीज शब्दाला बोलीत समलिंगी पुरुष असाही अर्थ आहे, त्यामुळे या सूचनेतला मिश्किलपणा अनुवादात हरवतो. दुकानांत ग्राहकांनी ती मोठ्या संख्येने परत केली. ते अडाणी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी गायकाची वाट पाहिली होती आणि हाती आले ते कण्हणे. सेन्सॉरच्या काळात निःशब्द आवाजाचाही एक अर्थ होता, पण तो ऐकायला बहुधा निवांतपणा लागतो. १९७५ मध्ये वेलोसोने एकदम दोन ध्वनिमुद्रिका काढल्या, ‘जोइया’ आणि ‘क्वाल्केर कोइझा’.