पदकाच्या कडेवरचं नाव

आजचा भाग कोपरखैरण्याच्या आमच्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. मधेच कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

माझ्या समोरच्या भिंतीवर एक खोलगट फ्रेम आहे. आत निळं कापड, त्यावर पलटणीचा एक कॅप बॅज, तीन पदकं आणि एक रिकामी जागा. आज त्या रिकाम्या जागेची गोष्ट.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. साताऱ्याकडे घरटी एक जण पलटणीत आणि एक जण मुंबईत, हे जुनं गणित. अपशिंगे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आमच्याकडे खापरपणजोबा ‘११४ महरट्टाज’ पलटणीत होते. माझे आजोबा, म्हणजे आबा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बाबा मात्र ऐंशीच्या दशकात माथाडी म्हणून वाशीच्या मार्केटला आले. घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलला, तशी सातारा-सांगलीची कितीतरी कुटुंबं नवी मुंबईत आली. येताना सोबत पत्र्याच्या ट्रंका आल्या. आमच्या ट्रंकेत ही पदकं होती.

दोन पदकं आबांची, १९७१ च्या युद्धातली. एक पूर्वी स्टार, एक संग्राम मेडल. तिसरं खापरपणजोबांचं व्हिक्टरी मेडल. ब्राँझचं, पंख असलेल्या विजयदेवतेचं. पाठीमागे १९१४-१९१९ अशी सालं.

मी काय केलं? फ्रेम करायची म्हणून उत्साहात भांडी घासायची पावडर घेतली आणि व्हिक्टरी मेडल चकाचक घासायला बसलो. आबा बाल्कनीतून ओरडले, “आरं, थांब! कड घासू नगंस!”

तोवर मला कड म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. आबांनी पदक आडवं धरलं आणि मोबाइलचा टॉर्च मारायला सांगितला. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. आधी नंबर, मग हुद्दा, मग खापरपणजोबांचं नाव, मग ११४ महरट्टाज. आडनावाचं स्पेलिंग इतकं वेडंवाकडं की दोनदा वाचल्यावर कळलं, हे तर आपलंच आडनाव! माझ्या घासण्यानं शेवटची दोन अक्षरं पुसट झालीत. ती काही परत येणार नाहीत.

आता त्या नावाचं मोल काय, ते सांगतो. ११४ महरट्टाज लढली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटी तिकडे शर्कातची लढाई झाली. ३० ऑक्टोबरला समोरचं तुर्की सैन्य शरण आलं आणि त्याच दिवशी तुर्कस्ताननं युद्धबंदीच्या करारावर सही केली. खापरपणजोबा त्यातून परत आले. कित्येक जण आले नाहीत.

जे आले नाहीत आणि ज्यांची कबरही सापडली नाही, त्यांच्यासाठी इराकमध्ये बसऱ्याला एक मोठं स्मारक आहे. ४०,५०० हून जास्त जणांचं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या भारतीय शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा. इतके गेले, संपलं. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं या भेदभावाची जाहीर माफी मागितली, पण तोवर शंभर वर्षं उलटली होती.

म्हणजे बघा, ज्या सरकारनं दगडावर शिपायाचा आकडा केला, त्याच सरकारनं पदकाच्या कडेवर मात्र त्याचं नाव उमटवलं. प्रत्येकाचं वेगळं. आमच्या खापरपणजोबांचं नाव धातूत उमटलेलं जगात दोनच ठिकाणी होतं. एक या ब्राँझच्या पदकावर आणि दुसरं ब्रिटिश वॉर मेडलवर. ते दुसरं चांदीचं होतं.

१९७२ चा दुष्काळ तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकला असेल. आबा तेव्हा पलटणीत, घरापासून लांब. घरात ज्वारी नाही, जनावरांना वैरण नाही. माझी पणजी दोन्ही पदकं घेऊन सराफाकडे गेली. त्यानं चांदीचं तोलून घेतलं, ब्राँझचं परत दिलं. याचे काही येणार नाहीत म्हणाला. म्हणून ते उरलं. ज्याला किंमत नव्हती, तेच आज भिंतीवर आहे.

आबा सुट्टीवर आले तेव्हा त्यांना हे कळलं. मी विचारलं, “चिडला होता का?” ते म्हणाले, “चिडून काय करतोस? बैलं जगली त्या साली.” मग बराच वेळ गप्प बसले.

अशी चांदीची पदकं सुमारे ६५ लाख लोकांना मिळाली होती, त्यामुळे आज ती विकत मिळतात. मी आबांना म्हटलं, एक घेऊया, जागा भरेल. ते म्हणाले, “घेशील. पर कडंला नाव दुसऱ्याचंच असंल की! त्याच्या घरच्यांनी बी कवातरी इकलंच असंल ते.”

म्हणून जागा रिकामी ठेवली. ती कुठे ठेवायची, तेही आबांनीच सांगितलं. मानाचं पदक बघणाऱ्याच्या डावीकडे येतं. व्हिक्टरी मेडलच्या आधी ब्रिटिश वॉर मेडलचा मान. म्हणून रिकामी जागा डावीकडे.

आबांचा कॅप बॅज मधोमध लावलाय. त्यातही एक गंमत आहे. १९२२ मध्ये ११४ महरट्टाजची बेळगावला प्रशिक्षण बटालियन झाली. पुढे त्याच बेळगावच्या सेंटरमध्ये आबा रिक्रूट म्हणून गेले. खापरपणजोबांची पलटण आणि नातवाचं ट्रेनिंग, धागा एकच!

तुमच्याकडे अशी पदकं असतील तर एवढं करा. घासू नका, सुती कापडानं नुसतं पुसा. गोंदानं चिकटवू नका, दोऱ्यानं टाका. फ्रेमवर थेट ऊन येऊ देऊ नका, रिबिनीचा रंग उडतो. आपल्याकडची खाडीची दमट हवा वाईट, तेव्हा आत सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि बंद करण्याआधी कडेचा फोटो काढा. भिंतीवर लावलं की कड दिसत नाही. आम्ही तो फोटो मोठा करून फ्रेमच्या खालीच लावलाय.

शेवटची दोन अक्षरं पुसट आहेत. ती आबांनी खाली पेननं लिहिलीत, मराठीत.

तर मंडळी, या सुट्टीत गावाला गेलात की ट्रंक उघडा, कड वाचा आणि कोणाचं नाव सापडलं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!