सुरगाण्याच्या भिंती आणि हिवतापाचा डास

हिवताप-नियंत्रणाच्या इतिहासात शासकीय मोहिमा व औषधे यांची नोंद सविस्तर आढळते. परंतु डासाच्या ज्या सवयींवर त्या मोहिमांचे यशापयश अवलंबून राहिले, त्यांचा विचार क्वचितच होतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील सुरगाणा तालुका या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे अ‍ॅनॉफिलिसच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे परोपजीवी आढळले. या परोपजीवींची डासाच्या शरीरातील वाढ पूर्ण होण्यास उष्ण हवेत सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. मादी साधारणतः दोन-तीन दिवसांनी रक्त शोषते. अर्थात रोग पसरविण्याइतकी जगण्यापूर्वी तिला अनेकदा रक्त शोषावे लागते, आणि दरवेळी ती बहुधा जवळच्या भिंतीवर विसावते. डी. डी. टी. ची फवारणी याच विसाव्यावर आधारलेली होती. उत्पत्तिस्थाने नष्ट न करताही, मादीचे आयुष्य घटले की संक्रमणाची साखळी तुटते.

देशमुखांचे सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डोंगराळ प्रदेशात संथ, स्वच्छ ओहोळांच्या गवताळ काठी अ‍ॅनॉफिलिस फ्ल्युव्हिआटिलिस वाढतो. पावसानंतर नदीपात्रात उरलेल्या डबक्यांत अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस वाढतो. अशा प्रदेशात प्रत्येक डबके शोधण्यापेक्षा घराची भिंत फवारणे सुकर होते.

परंतु भिंतही निर्जीव पार्श्वभूमी नव्हती. कुडाच्या भिंतीवरील माती औषध शोषून घेते, आणि शेणामातीने पुन्हा सारवताच फवारणीचा थर झाकला जातो. शेतराखणीस उघड्यावर झोपणाऱ्याला तर भिंतीचे संरक्षणच नसते. पुढे क्युलिसिफेसीसमध्ये डी. डी. टी. विषयी प्रतिकारशक्तीही आली. देशातील रुग्णसंख्या १९६५ मध्ये सुमारे एक लाखापर्यंत उतरली होती. १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली. खरीप आटोपताच द्राक्षबागांकडे मजुरीसाठी जाणाऱ्या सुरगाण्यातील कुटुंबांमुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो: रक्तात परोपजीवी बाळगणारा मनुष्य प्रवास करतो, तेव्हा गावापुरती फवारणी अपुरी ठरते.

तात्पर्य, अशा तालुक्यातील हिवतापाचा इतिहास केवळ फवारणीच्या आकड्यांवरून समजणार नाही. ती भिंत पुन्हा केव्हा सारवली गेली आणि त्या रात्री घरातील माणसे कोठे निजली, हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे.