कमी पैशात चांगली गादी कशी निवडावी? खोळ उघडा, वजन करा, मगच पैसे द्या

मालेगाव : सोयाबीन, तूर विकून हातात पैसे आले की तालुक्यात लग्नसराई सुरू होते. लेकीच्या आंदणात पलंग-गादी लागते, घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी गादी लागते, नवीन घरकुलात दिवाण येतो. मेडशी, शिरपूर, किन्हीराजा, जऊळका, डव्हा भागातले लोक त्यासाठी मालेगावला, वाशीमला नाहीतर अकोल्याला जातात. पैसे मोजून ठेवलेले असतात आणि दुकानात गाद्या दिसतात पन्नास. वरून सगळ्याच चकचकीत. मग रंग आणि डिझाइन पाहून एक उचलली जाते आणि वर्षभरात मधोमध खड्डा पडतो.

सोयाबीन विकायला नेलं की व्यापारी पोत्यात हात घालतो, ओलावा पाहतो, मगच भाव सांगतो. गादी घेताना आपणही तेच करायला हवं. गादीची किंमत ठरते ती आतल्या मालावर, वरच्या कापडावर नाही. तो माल कसा ओळखायचा, याची ही माहिती.

आत काय काय भरलेलं असतं?

कापूस : आपल्याकडची जुनी आणि ओळखीची गादी. हवा खेळती राहते, उन्हाळ्यात अंग तापत नाही, दुरुस्त होते. पण वजनाने जड असते आणि वापरून दबते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजावी लागते.

काथ्या : नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून केलेले थर. गादी कडक आणि हवेशीर असते. हलक्या प्रतीच्या मालात काथ्या सुटतो, भुसा पडतो. ओल लागली की बुरशी धरते.

साधा फोम : याला पीयू फोम म्हणतात. मऊ, हलका, उचलायला सोपा. पण यात चांगला आणि वाईट असा फरक सर्वात जास्त असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

बॉन्डेड फोम : फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून, चिकटवून केलेली लादी. कडक आणि जड. खाली बॉन्डेड आणि वर इंच-दीड इंच मऊ फोम, अशी गादी मध्यम बजेटमध्ये बरीच टिकते.

ईपीई शीट : टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात पांढरं, हलकं, कुरकुर वाजणारं पॅकिंग येतं, तेच हे. स्वस्त गाद्यांत थर म्हणून घालतात. नवीन असताना कडक लागतं, पण रोजच्या वजनाने चपटं होतं आणि पुन्हा वर येत नाही. दोन-अडीच हजारांच्या आत 'ऑर्थो' लिहिलेली जाड गादी मिळत असेल, तर आत हेच तर नाही ना, हे आधी पाहावं.

स्प्रिंग, मेमरी फोम, लेटेक्स : या महागड्या गाद्या. त्यांच्या नावाने मिळणारा स्वस्त माल घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात चांगली कापसाची किंवा बॉन्डेड गादी केव्हाही बरी.

फोमच्या गादीचं वजन करा

फोमचा दर्जा सांगताना दुकानदार 'डेन्सिटी' हा शब्द वापरतो. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती त्याची डेन्सिटी. रोज झोपण्यासाठी 32 किंवा त्याच्या वरची घ्यावी. 40 असेल तर जास्त टिकते. 20 च्या आसपासचा फोम पाहुण्यांसाठी कधीमधी चालून जातो, रोजच्या वापराला लवकर बसतो.

दुकानदार सांगतो ते खरं की खोटं, हे काट्यावर कळतं. खोळ काढून फोमचं वजन करावं. साध्या फोमच्या गादीचं वजन साधारण असं भरायला हवं :

• 6 बाय 3 फूट, 4 इंच जाड : 32 डेन्सिटीला सुमारे 5.4 किलो, 40 ला 6.8 किलो

• 6 बाय 4 फूट, 4 इंच जाड : 32 ला सुमारे 7.2 किलो, 40 ला 9 किलो

• 6 बाय 4 फूट, 5 इंच जाड : 32 ला सुमारे 9 किलो, 40 ला 11.3 किलो

• 6 बाय 6 फूट, 5 इंच जाड : 32 ला सुमारे 13.6 किलो, 40 ला 17 किलो

माप वेगळं असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करता येतो. वजनाच्या किलोला 61,000 ने गुणा. लांबी, रुंदी आणि जाडी इंचात घेऊन तिघांचा गुणाकार करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, डेन्सिटी मिळते. उदाहरणार्थ, 6 बाय 4 फूट म्हणजे 72 बाय 48 इंच आणि जाडी 4 इंच. गुणाकार 13,824. वजन साडेचार किलो भरलं तर डेन्सिटी निघते 20. दुकानदार 32 सांगत असेल, तर तिथेच विचारावं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा हिशोब फक्त साध्या फोमला लागू आहे. बॉन्डेड फोम मुळातच खूप जड असतो, त्यामुळे मिश्र थरांच्या गादीला हे आकडे लावू नयेत. दुसरं, वजन वाढवण्यासाठी हलक्या फोममध्ये भुकटी मिसळलेली असू शकते. असा फोम बोटांनी चोळला की पावडर सुटते आणि दाबल्यावर तो आळसावून हळूहळू वर येतो. चांगला साधा फोम अंगठ्याने दाबून सोडला की लगेच पूर्ववत होतो.

काटा नाही किंवा खोळ उघडता येत नाही, असं उत्तर मिळालं तर दुसरं दुकान पाहावं. गादी घेताना खोळीला चेन असलेलीच घ्यावी. आतला माल पाहता येतो आणि पुढे खोळ धुताही येते.

घरचा कापूस असेल तर

तालुक्यात कापूस घेणाऱ्या घरांना गादी भरून घेण्याचा मार्ग मोकळा आहे. मात्र घरचा कापूस म्हणजे फुकट गादी, हा हिशोब चुकीचा आहे. एक क्विंटल कापसातून सरकी काढल्यावर साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. म्हणजे 10 किलो रुईची गादी भरायला सुमारे 30 किलो कापूस लागतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. त्या भावाने 30 किलो कापसाचे 2,400 रुपयांच्या वर होतात. त्यात पिंजाई, खोळीचं कापड आणि शिलाई वेगळी. एवढं धरूनच बाजारातल्या गादीशी तुलना करावी.

विकतची रुई घ्यायची असेल तर ती शुद्ध आहे का, ते तपासता येतं. चिमूटभर रुई घराबाहेर, मोकळ्या जागी चिमट्यात धरून पेटवावी. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख मऊ राहते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर ते वितळतं आणि काळी कडक गोळी तयार होते. रुईत रंगीत धागे, चिंध्यांचे तुकडे दिसले तर तो जुन्या कपड्यांचा पिंजलेला माल समजावा.

सर्वात कमी खर्चाचा मार्ग म्हणजे घरातली जुनी कापसाची गादी पुन्हा पिंजून घेणं. पिंजाऱ्याकडे माल देताना वजन करून द्यावा, शक्य असेल तर काम होईपर्यंत थांबावं. दोन-तीन किलो नवी रुई घातली की गादी पुन्हा उभी राहते. टाके जवळजवळ घालायला सांगावं, नाहीतर रुई एका बाजूला सरकते.

कडक गादी म्हणजे पाठीला चांगली?

निंदण, डवरणी, सोंगणी करून पाठ धरलेल्या माणसाला 'कडक गादीवर झोप' असा सल्ला सगळेच देतात. हा सल्ला अर्धवट आहे. स्पेनमध्ये बरेच दिवस कंबरदुखी असलेल्या 313 लोकांवर झालेला अभ्यास 2003 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्या लोकांना कडक आणि निम्म्यांना मध्यम कडक गादी दिली होती. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम होता.

गादी आपल्याला मानवते का, हे दुकानात झोपूनच पाहावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पाठीवर झोपून कमरेखाली हात घालावा. हात सहज आरपार गेला तर गादी जास्त कडक आहे. कंबर खाली रुतली आणि कूस बदलायला जोर लागला तर जास्त मऊ. मग कुशीवर झोपून खांदा आणि खुबा टोचतो का ते पाहावं. ज्याच्यासाठी गादी घ्यायची, त्यालाच सोबत न्यावं.

पायात मुंग्या येत असतील, पाय जड पडत असेल किंवा दुखणं कमीच होत नसेल, तर गादी बदलून भागत नाही. डॉक्टरांना दाखवावं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साध्या गादीवर जखमा होऊ शकतात. त्याच्यासाठी हवेची गादी लागते का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. तान्ह्या बाळासाठी सपाट आणि टणक गादीच हवी. मऊ, रुतणारी गादी आणि आजूबाजूला उशा बाळाच्या श्वासाला धोक्याच्या आहेत.

माप आणि खालचा आधार

दुकानात जाण्याआधी पलंगाच्या आतल्या बाजूचं माप इंचात घ्यावं. 6 फूट म्हणजे 72 इंच. घरात उंच माणूस असेल तर 75 किंवा 78 इंचाची गादी लागेल, पण पलंगही तेवढा हवा.

फोमची किंवा काथ्याची गादी बाजेवर टाकू नये. बाज मधे झोल खाते, तिच्यासोबत गादीही वाकते आणि कायमची तशीच राहते. बाजेला कापसाची गादी किंवा वाकळ ठीक. पलंगाच्या पट्ट्यांमध्ये जास्त अंतर असेल तर वर प्लायवूड टाकावं. गादी फरशीवर अंथरत असाल तर सकाळी उचलून उभी करावी, नाहीतर खालून ओल धरते.

कापसाच्या गादीला ऊन हवंच. फोमला मात्र कडक उन्हात ठेवू नये, तो पिवळा पडून भुगा होतो. त्याला सावलीत हवा द्यावी. गादी कोणतीही असो, महिना-दोन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करावी. जुनी वापरलेली गादी घेत असाल तर शिवणी उलगडून ढेकूण आणि त्यांचे काळे ठिपके पाहावेत. ढेकूण एकदा घरात शिरले की औषधाचा खर्च गादीपेक्षा जास्त होतो.

गावात येणारा टेम्पो आणि मोबाइलवरची खरेदी

गावोगाव टेम्पोतून गाद्या विकल्या जातात. भाव अर्ध्यावर येतो म्हणून हुरळून जाऊ नये. खोळ शिवलेली, बिल नाही आणि उद्या तो माणूस कुठे भेटेल माहीत नाही, असा सौदा टाळलेला बरा. ऑनलाइन गादी गुंडाळून येते, पूर्ण फुगायला एक-दोन दिवस लागतात. मागवण्याआधी आपल्या पिनकोडवर परत नेण्याची सोय आहे का, ते पाहावं.

हप्त्यावर घेताना 'शून्य टक्के' ऐकून सही करू नये. प्रोसेसिंगचे पैसे आणि सगळे हप्ते मिळून किती होतात ते लिहून घ्यावं. तीच गादी रोखीने कितीला मिळते, ते विचारावं.

स्वस्त-महाग ठरवताना वर्षाचा हिशोब करावा. समजा 2,000 ची गादी एका वर्षात बसली आणि 4,800 ची सहा वर्षं टिकली, तर पहिली वर्षाला 2,000 ला पडली आणि दुसरी 800 ला.

बिल घ्या, त्यावर माल लिहून घ्या

बिलावर फक्त 'गादी 1 नग' नको. माप, जाडी, आतला माल आणि डेन्सिटी लिहून घ्यावी. वॉरंटी कार्डवर दुकानाचा शिक्का आणि तारीख हवी. खड्डा किती खोल पडल्यावर वॉरंटी लागू होते आणि डाग पडल्यास ती रद्द होते का, हे आधीच वाचावं. बिलाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा, कारण छापील शाई उडते.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा बोर्ड लावला म्हणून खराब माल ग्राहकाच्या गळ्यात राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मात्र रंग आवडला नाही, मन बदललं, यासाठी हा नियम नाही.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. मराठीत बोलता येतं. तिथे काम झालं नाही तर वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. दिलेली किंमत 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि त्यासाठी बिल हातात हवं.