सोंग : एका शब्दाचे मूळ आणि वळण

सटाण्याच्या बाजारात उधारीचा विषय निघाला की एक जुनी म्हण हमखास कानी पडते : 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही.' ऐकणारा 'सोंग' म्हणजे खोटेपणा असेच समजतो. 'सोंगेढोंगे' ही जोडी तर आपण एका दमात उच्चारतो. परंतु या शब्दाचे कूळ इतके हलके नाही.

सटाण्याहून कळवण ओलांडून सुरगाणा व पेठच्या डोंगराळ भागात गेलो, तर चैत्र-वैशाखात आदिवासी पाड्यांवर बोहाडा रंगतो. तेथे मुखवटा व तो घालून येणारी भूमिका, दोहोंनाही सोंग म्हणतात. संबळाच्या तालावर, मशालींच्या उजेडात आधी गणपती, सरस्वती, मग एकामागून एक देव-दानव नाचत येतात आणि अखेरीस देवी महिषासुराचा वध करते. 'रात्र थोडी, सोंगे फार' ही म्हण तेथे अक्षरशः डोळ्यांसमोर उभी राहते. मुखवट्याआड आपल्याच पाड्यावरचा शेतकरी आहे, हे साऱ्यांना ठाऊक असते. फसवणारा कोणी नाही, फसणाराही नाही. तरी हात जोडले जातात.

दूरच्या भाषांतही अशीच कथा आढळते. ग्रीक भाषेत 'हिपोक्रितेस' म्हणजे नट, आणि ग्रीक नट मुखवटे घालीत. याउलट लॅटिन 'पर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा. पण हा शब्द वर चढला. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तेर्तुलियनने पवित्र त्रैक्याविषयी लिहिताना तो योजिला. आज आपण 'एक परमेश्वर, तीन व्यक्ती' म्हणतो, तेव्हा त्या 'व्यक्ती'मागे तोच लॅटिन शब्द उभा असतो. मुखवट्याच्या नावातून माणसाच्या अस्सलपणाचे नाव घडले!

'हिपोक्रितेस' मात्र खाली उतरला. मत्तयलिखित शुभवर्तमानात तोच शब्द येतो व मराठीत आपण 'ढोंगी' असे वाचतो. तेथे प्रभूचा रोख रंगभूमीवरील नटांकडे नाही. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांकडे, शास्त्री-परुश्यांकडे आहे. म्हणजेच धर्मनिष्ठ म्हणवणाऱ्यांकडे.

म्हणून पाड्यावरील सोंगाला आपण सहजासहजी ढोंग म्हणू नये. तो शेतकरी पहाट होताच मुखवटा उतरवून शेताकडे वळतो. रविवारच्या मिस्साहून घरी परतताना आपण काय उतरवून ठेवतो, हे मात्र आपले आपणच तपासावयाचे आहे.