सुटे पान आणि त्याची साक्ष : खांब-बांधणीच्या वहीचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयीन ग्रंथालयात एकाच दालनात दोन प्रकारच्या नोंदी वर्षानुवर्षे शेजारीशेजारी नांदत आल्या. पहिली म्हणजे दाखल नोंदवही. ती जाड पुठ्ठ्याची, शिवलेली आणि पृष्ठक्रमांक घातलेली असे. तिच्यात चूक झालीच तर मूळ नोंद वाचता येईल अशी रेघ मारून दुरुस्ती करावयाची व शेजारी स्वाक्षरी करावयाची, असा दंडक असे. दुसरी नोंद म्हणजे तालिका. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची सुटी पत्रके, प्रत्येकास खालच्या कडेशी एक छिद्र, आणि खणातील सर्व पत्रकांच्या छिद्रांतून आरपार गेलेली धातूची सळई असे तिचे रूप होते. वाचकाला पत्रके चाळता येत, पण उचलून नेता येत नसत. ग्रंथपाल मात्र सळईचा स्क्रू फिरवून ती बाहेर ओढी आणि नव्या ग्रंथाचे पत्रक वर्णानुक्रमे योग्य जागी घाली. संगणकीय तालिका आल्यावर ही कपाटे बहुतेक ठिकाणी अडगळीत गेली. त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्नही नजरेआड झाला. ज्या नोंदीतून पान काढता येते व घालता येते, तिच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावयाचा?

सुटे करता येणारे खांब असलेली, जाडी कमीअधिक करता येणारी सुट्या पानांची वही, म्हणजेच ‘लूज-लीफ बायंडर’, ही वरकरणी किरकोळ कार्यालयीन वस्तू आहे. इतिहासलेखनात तिला सहसा स्थान मिळत नाही. तथापि तिच्या रचनेतील जवळजवळ प्रत्येक सुधारणा उपरोक्त प्रश्नाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात तिचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

छिद्र, सूत्र आणि शोधपत्र

सुट्या पानांना छिद्र पाडून ती एकत्र ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताडपत्रांच्या पोथ्यांत प्रत्येक पत्रास एक किंवा दोन छिद्रे पाडून त्यांतून दोरी ओवीत. वर-खाली लाकडी फळ्या ठेवून सर्व काही बांधून टाकीत. ब्रह्मदेशातील ताडपत्री पोथ्यांत छिद्रांतून बांबूच्या काड्या घातलेल्या आढळतात. आजच्या खांब-बांधणीचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल. ‘सूत्र’ या शब्दाचा मूळ अर्थ दोरा, आणि ‘ग्रंथ’ या शब्दातील धातू बांधण्या-गुंफण्याचा, हे भाषेच्या अध्यापकांना सांगावयास नको.

पुढे कागद आला आणि दोरीची गरज संपली. परंतु सवय मोडली नाही. पश्चिम भारतातील जैन कागदी पोथ्यांत पानाच्या मध्यभागी चौकोनी वा गोल जागा कोरी सोडलेली दिसते. कित्येकदा तिथे तांबडा ठिपका रंगविलेला असतो. त्या जागेतून दोरी कधीच जात नव्हती. ताडपत्रावरील छिद्राची ती केवळ आठवण होती.

कागदी पोथी ही अशा रीतीने पूर्णतः सुट्या पानांची झाली. समासात ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप व पत्राचा क्रमांक, वर-खाली पुठ्ठे आणि बाहेरून कापडाचे बासन एवढीच तिची बांधणी. पान उलटणे, एखादे पान काढून नक्कल करावयास देणे सोयीचे झाले. पण त्याचबरोबर नवे पान घालणेही सोपे झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पाठभेदांच्या टिपा चाळल्या तर मूळ पोथीत नसलेला मजकूर निराळ्या पानावर, निराळ्या हस्ताक्षरात लिहून पोथीत समाविष्ट केल्याचे उल्लेख वारंवार भेटतात. अशा पानास शोधपत्र म्हणतात. पुढच्या नक्कलकाराने ते पान क्रमाने उतरून घेतले की प्रक्षेप मूळ संहितेचा भाग होऊन बसे आणि हस्ताक्षराचा पुरावाही नाहीसा होई.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत आपली ओवी घुसडणाऱ्यास अखेरीस सज्जड इशारा दिला. तो भक्तीच्या अंगाने वाचण्याची आपली परंपरा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात आणखी काही दिसते. बांधणी जे रक्षण करू शकत नाही, ते रक्षण येथे वाचकाच्या सदसद्‌विवेकावर सोपविले आहे.

मोर्तब

राजकीय कागदपत्रांना केवळ विवेकावर विसंबून राहणे परवडणारे नव्हते. मराठेशाहीतील मोडी पत्रे कागदाच्या लांबट पट्ट्यांवर, म्हणजे बंदांवर, लिहिली जात. मजकूर वाढला की एका बंदास दुसरा बंद खळीने चिकटवीत. मजकूर संपला तेथे ‘मर्यादेयं विराजते’ यासारखी मोर्तब उठवून पुढे एक अक्षरही वाढविता येणार नाही अशी सीमा आखीत. जोडपत्रांच्या बाबतीत दोन बंदांच्या सांध्यावर पाठीमागून शिक्का उठविण्याची पद्धत होती, म्हणजे शिक्क्याचा अर्धा भाग एका बंदावर व अर्धा दुसऱ्यावर येई.

या पद्धतीचे मोल मला एम. फिल.च्या काळात प्रत्यक्ष कळले. एका दप्तरखान्यात पाहावयास मिळालेल्या रुमालात खळ सुकून काही बंद सुटे झालेले होते, आणि कोणा पूर्वसूरीने छायाप्रती काढताना त्यांची सरमिसळ केली होती. विषय एकच, हस्ताक्षर एकच. मजकुरावरून क्रम लावणे कठीण होते. शेवटी कागद पालथे घातले आणि अर्ध्या शिक्क्यांच्या कडा जुळवीत बसलो. दोन दिवसांत तीन पत्रे जुळली. पान सुटे झाले तरी त्याची जागा सांगणारी खूण त्याच्या अंगावरच होती. कुलूप नव्हते, दोरा नव्हता. तरीही साक्ष शाबूत होती.

शिवलेली वही व तिची अडचण

व्यापाऱ्याने मात्र दोऱ्याचाच मार्ग पत्करला. लक्ष्मीपूजनाला पूजली जाणारी लाल कापडी वेष्टनाची वही शिवलेली असते, आणि तिची पत याच शिवणीत आहे. मधले पान फाडले तर त्याचे जोडपान सैल होते, चोरी उघडकीस येते. युरोपातील चामडी पुठ्ठ्याच्या खातेवहीमागेही हाच विचार होता.

तथापि खतावणी शिवलेल्या वहीत नीट बसत नाही. रोजकीर्द दिवसामागून दिवस सरळ पुढे जाते, पण खाती सारख्या गतीने वाढत नाहीत. एका गिऱ्हाइकासाठी राखलेली चार पाने दिवाळीपूर्वीच भरतात, दुसऱ्याची वर्षभर कोरी राहतात. भरलेले खाते मग वहीच्या शेवटी न्यावे लागते, ‘पुढे पाहा’ असा शेरा मारावा लागतो, आणि बंद झालेली खातीही नव्या वहीपर्यंत ओझ्यासारखी वाहावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बँका, रेल्वे व विमा कंपन्यांची खाती हजारोंच्या संख्येत गेली तेव्हा ही अडचण असह्य झाली.

खांबांची रचना

जर्मनीतील बॉन येथील फ्रीडरिश सोएनेकेन याने १८८६ साली कागदास छिद्रे पाडण्याचे यंत्र व ती पाने अडकविण्याची धारिका यांचे एकस्व मिळविले. गंमत अशी की हा गृहस्थ मूळचा सुलेखनाच्या निबांचा व गोलाकार अक्षरवळणाचा पुरस्कर्ता. १८९६ च्या सुमारास श्टुटगार्टजवळ लुई लाइट्स याने तरफेने उघडझाप होणारी धारिका बाजारात आणली. तिचे वंशज आजही प्रत्येक कार्यालयात आहेत. छिद्रांचे अंतर मात्र दीर्घकाळ ज्याचे त्याचे होते. आंतरराष्ट्रीय मानक ८३८ हे १९७४ साली आले. त्यानुसार छिद्रे दोन, व्यास ६ मिलिमीटर, परस्परांतील अंतर ८० मिलिमीटर आणि कडेपासून मध्यबिंदू १२ मिलिमीटर. अमेरिकेने मात्र सव्वाचार इंचांच्या अंतराने तीन छिद्रे पाडण्याची आपली चाल सोडली नाही. तिकडची पाने आपल्या फाइलीत बसत नाहीत, याचे कारण हेच.

कडी किंवा तरफेची धारिका पत्रव्यवहारास उत्तम होती, पण खातेवहीस ती पुरेशी नव्हती. त्यासाठी खांबांची बांधणी विकसित झाली. तिचे तत्त्व सोपे आहे. खालच्या पुठ्ठ्यातून दोन वा तीन पोकळ, आतून आटे असलेले खांब वर येतात, त्यांवर पाने ओवली जातात, वरचा पुठ्ठा बसविला जातो आणि वरून स्क्रू आवळला जातो. अवघड प्रश्न जाडीचा आहे. खांब पानांच्या गठ्ठ्यापेक्षा उंच राहिला तर पाने खालीवर सरकतात आणि छिद्रांच्या कडा फाटतात. तो आखूड पडला तर नवे पान घेता येत नाही. म्हणून खांब अखंड न ठेवता तुकड्यांचा केला गेला. एका टोकास बाहेरून आटे, दुसऱ्या टोकास आतून आटे असलेला जोडतुकडा मधे घातला की खांबाची उंची वाढते, काढला की कमी होते. वही पानांबरोबर वाढते व आटते. कडीच्या फाइलीत पानांशेजारी पोकळी राहते, येथे ती राहत नाही. आवळलेला गठ्ठा बांधीव ग्रंथासारखा घट्ट बसतो.

या रचनेचे दोषही स्पष्ट आहेत. छिद्रांकडील समास वाया जातो. वही सपाट उघडत नाही, म्हणून पुठ्ठ्यास व कधी पानासही बिजागरीसारखी घडी द्यावी लागते. मधले एक पान काढावयाचे तर त्यावरची सगळी पाने उतरवावी लागतात. यावर खातेवही बनविणाऱ्यांनी काढलेला तोडगा चतुर होता. पानास गोल छिद्राऐवजी कडेपर्यंत उघडी खाच द्यावयाची, म्हणजे आवळलेली पकड सैल करताच हवे ते पान बाजूने ओढून घेता येते. बंद झालेली खाती मग गोल छिद्रांच्या निराळ्या बायंडरमध्ये हलवीत. थोडक्यात, चालू खात्यांना खाच आणि मिटलेल्या खात्यांना छिद्र. वहीची रचनाच नोंदीची अवस्था सांगू लागली.

परंतु पान इतके सहज निघू लागल्यावर लेखापरीक्षकाचा जीव टांगणीस लागणे स्वाभाविक होते. पकडीला कुलूप आले व किल्ली जबाबदार अधिकाऱ्याकडे गेली. कोऱ्या पानांना अनुक्रमांक, त्यांच्या वाटपाची नोंद, बिघडलेले पान फाडून न टाकता रद्द करून जपणे ही दक्षता लेखापरीक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत आली. वाणिज्य शाखेतील सहकारी ती आजतागायत शिकवीत आले आहेत. अभियंत्याने जे बंधन सैल केले, ते कारकुनाने शिस्तीने पुन्हा आवळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुस्तक कशास म्हणावे?

न्यायालयांना हे पुरेसे वाटले नाही. इंग्लंडमध्ये १९३६ साली हार्ट्स ऑफ ओक अ‍ॅश्युरन्स विरुद्ध जेम्स फ्लॉवर या प्रकरणात प्रश्न असा आला की, सुट्या पानांच्या बायंडरमध्ये ठेवलेले सभेचे इतिवृत्त कायद्याला अभिप्रेत असलेले ‘पुस्तक’ ठरते काय? न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. बंधन कोणत्याही क्षणी सोडवून पान बदलता येते, हेच त्याचे कारण. व्यवहार मात्र पुढे निघून गेला होता. १९४८ च्या ब्रिटिश कंपनी कायद्याने बांधीव पुस्तकाची सक्ती सोडली आणि त्याऐवजी खोटेपणास आळा बसेल व तो झाल्यास उघडकीस येईल अशी पुरेशी दक्षता घेण्याची अट घातली. दोन अटींतील फरक लक्षणीय आहे. पहिली वस्तूच्या रूपावर बोट ठेवते, दुसरी फसवणूक सापडण्यावर.

भारतीय कंपनी कायदा १९५६ अधिक सावध राहिला. इतिवृत्ताच्या पुस्तकास अनुक्रमे पृष्ठांक, प्रत्येक पृष्ठावर आद्याक्षरी वा स्वाक्षरी, अखेरच्या पृष्ठावर दिनांकासह स्वाक्षरी, आणि कोणत्याही परिस्थितीत इतिवृत्त पुस्तकात चिकटवून जोडावयाचे नाही, अशी त्यातील तरतूद होती.

आपल्याकडे हा प्रश्न ऐरणीवर आला तो मात्र एका राजकीय प्रकरणातून. १९९१ साली केंद्रीय अन्वेषण विभागाच्या छाप्यात डायऱ्या, छोट्या वह्या आणि सुटे कागद असलेल्या दोन फाइली सापडल्या. ‘जैन हवाला’ या नावाने ते प्रकरण गाजले. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ३४ व्यवसायाच्या नित्यक्रमात ठेवलेल्या ‘हिशेबाच्या पुस्तकांतील’ नोंदींनाच संबद्ध मानत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सी.बी.आय. विरुद्ध व्ही. सी. शुक्ला या निकालात नळीदार तारेने बांधलेल्या वह्यांना पुस्तक मानले, पण फाइलींतील सुट्या कागदांना मानले नाही, कारण ते सहज काढता व बदलता येतात. शिवाय पुस्तकातील नोंदही एकट्याने दायित्व सिद्ध करू शकत नाही, तिला स्वतंत्र पुष्टी हवी, असेही स्पष्ट केले. २०१७ साली ‘कॉमन कॉज’ प्रकरणात याच निकालाचा आधार पुन्हा घेतला गेला.

येथे थोडे मतभेदाचे धाडस करावेसे वाटते. तारेची वही पुस्तक आणि फाइल पुस्तक नव्हे, ही रेषा बांधणीच्या दृष्टीने फारशी पक्की नाही. तार उलगडून पान काढणाऱ्यास कितीसा वेळ लागतो? उलट कुलूपबंद खांबांची, अनुक्रमांकित पानांची वही अधिक सुरक्षित असू शकते. पुस्तकपण शिवणीत आहे की पान गेल्याचे कळण्यात आहे, हा मुद्दा त्या निकालानंतरही शिल्लक राहतो.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने कलम ३४ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबपुस्तकांचा समावेश केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २८ मध्येही तो कायम आहे. संगणकातील खतावणी म्हणजे खांबही नसलेली सुटी पाने. त्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखाप्रणालीत प्रत्येक बदलाची दिनांकासह आपोआप नोंद ठेवणे, व ती नोंद बंद करता न येणे, नियमाने बंधनकारक झाले. या तरतुदीने पान बदलण्यास मनाई केलेली नाही. बदललेल्या पानावर अर्धा आणि मूळ जागी अर्धा असा शिक्का तेवढा उठविला आहे.

आपल्या विभागांतील बैठकांची इतिवृत्ते मात्र अजून संगणकावर छापून, पंच करून, टॅगमध्ये ओवून ठेवली जातात. टॅगचे धातूचे टोक आडवे केले की कोणतेही पान निघते. त्या पानांवर क्रमांक घातलेला नसतो, आणि स्वाक्षऱ्या बहुधा फक्त शेवटच्या पानावर असतात.